चहाच्या पातेल्यात शिजलेली कवळी

दातोबाचं खरं नाव त्याच्या बायकोला आणि बँकेला तेवढं ठाऊक होतं. बाकी सगळ्यांचा तो दातोबाच. गेली सव्वीस वर्षं तो लोकांच्या तोंडात दात बसवत होता. म्हणजे बसवायचे दाताचे डॉक्टर, करायचा हा. दवाखान्यातून तोंडाचं माप आलं की दातोबा मेणात दात मांडायचा, मग मेण काढून त्या जागी गुलाबी मसाला भरायचा, पितळी साच्यात आवळून तो पाण्यात शिजवायचा, आणि घासूनपुसून चमकवलेली कवळी डबीतून परत पाठवायचा. “दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण माझं दात करून भरलंय,” हा त्याचा ठरलेला विनोद. त्यावर हसणारे आता कमी उरले होते, पण त्याच्या कामाला नाव ठेवणारा मात्र एकही नव्हता.

काम होतंच तसं चोख. कवळीवर नखाएवढा ओरखडा दिसला तरी तो पुन्हा घासायला घ्यायचा. “हे माणसाच्या तोंडात जाणार आहे, शोकेसमध्ये नाही,” असं तो समोरच्याला ऐकवायचा आणि ऐकवताना जरा ताठ व्हायचा. स्वतःच्या हुशारीवर खूश असलेली माणसं मला एरवी आवडत नाहीत, पण दातोबाला तो हक्क होता, हे कबूल करायला हवं.

फक्त घरात एक तोंड होतं, जे काही केल्या बरं होत नव्हतं. ते त्याच्या आईचं.

आई चौऱ्याहत्तर वर्षांची. दोन वर्षांपूर्वी तिचे वरचे उरलेसुरले दात काढले आणि दातोबानेच तिची कवळी केली. पहिले काही महिने ठीक गेले. मग तिची टाळू लाल व्हायला लागली. कवळी जिथवर टेकते तिथवर, अगदी नकाशा काढल्यासारखी लालभडक. तोंडाचे कोपरे चिरले, गरम चहाचा घोट घेतला की डोळ्यांत पाणी. कोपऱ्यावरच्या डॉक्टरने बॅटरी मारून पाहिलं आणि सांगितलं, “बुरशी झालीय. हे थेंब घ्या.” थेंबांनी दहा दिवसांत टाळू स्वच्छ झाली. थेंब संपले आणि पंधरवड्यात पुन्हा येरे माझ्या मागल्या. दुसऱ्यांदा थेंब, तिसऱ्यांदा गोळ्या. दर वेळी तेच.

“औषध लागू पडतंय, मग परत होतं कसं?” बायकोने विचारलं.

“कसं म्हणजे? कवळी नीट धूत नाही ती,” दातोबा म्हणाला. इतक्या चटकन म्हणाला, की जणू उत्तर खिशात तयारच होतं.

आता आईबद्दल एवढं सांगायलाच हवं, की तिने एकतीस वर्षं हॉस्पिटलच्या धुलाईघरात काढली होती. रक्ताच्या, औषधांच्या, नको नको त्या डागांच्या चादरी तिच्याकडे यायच्या आणि पांढऱ्याशुभ्र होऊन, कोपऱ्याला कोपरा जुळवून परत जायच्या. शेवटची नऊ वर्षं ती तिथली मुकादम होती. धुतलेल्या गठ्ठ्यातली एक चादर ती मधूनच ओढायची, खिडकीसमोर धरायची, आणि पुसट डाग जरी दिसला तरी सगळा गठ्ठा परत भट्टीत. बायका तिच्या नावाने बोटं मोडायच्या. “आजारी माणसाखाली घालायची आहे,” एवढंच ती म्हणायची. तिच्याजवळ दागिने नव्हते, शिक्षण नव्हतं. स्वच्छता होती, आणि तिचा तिला अभिमान होता.

अशा बाईला दातोबाने कवळी धुवायला शिकवली. मोरीवरच्या आरशाला त्याने कागद चिकटवला: सकाळी ब्रश, जेवणानंतर ब्रश, झोपताना काढून पाण्यात. रोज संध्याकाळी जेवणं झाली की तो हात पुढे करायचा, “दाखव.” आणि आई, पदराआड तोंड वळवून, कवळी काढून त्याच्या तळहातावर ठेवायची. तो ती दिव्याखाली फिरवून बघायचा. कधी नुसतीच मान हलवायचा, कधी म्हणायचा, “ठीक आहे, पण अजून घास.”

एका रविवारी ताई, म्हणजे त्याची मोठी बहीण, जेवायला आली होती. आई दोन घास खाऊन थांबली. ताईने विचारलं, “का गं? जात नाही का?” आईने नुसतं तोंडाकडे बोट दाखवलं. दातोबा आधीच त्या प्रश्नाला कंटाळला होता. त्याने सगळ्यांसमोर हात पुढे केला, कवळी घेतली, नाकाशी नेली आणि म्हणाला, “वास येतोय. आई, जन्मभर लोकांच्या चादरी धुतल्यास, आणि स्वतःचे चार दात धुता येईनात तुला?”

ताटांवरचे हात थांबले. ताईने त्याच्याकडे असं पाहिलं, की दुसऱ्या कुणी तिथेच माफी मागितली असती.  कवळी परत घेऊन आई मोरीवर गेली, आणि मग कितीतरी वेळ आतून घासल्याचा आवाज येत राहिला. ब्रशचा नव्हता तो आवाज. बायको आत जाऊन बघते तो आई भांडी घासायच्या तारेने कवळी घासत होती.

इथे मला एक गोष्ट सांगावी लागणार, जी दातोबाने तोवर कुणालाही सांगितली नव्हती, आणि शक्य तेवढी स्वतःलाही नाही.

कवळीचा मसाला शिजवायचा तो सावकाश. उकळी न येऊ देता, गरम पाण्यात नऊ-नऊ तास. घाई करून साचा एकदम उकळत्या पाण्यात टाकला, तर आतलं रसायन मसाला घट्ट व्हायच्या आधीच उकळतं आणि जाड भागात बुडबुडे धरतात. वरून कवळी गुळगुळीत दिसेल, आतून पावासारखी सच्छिद्र. हे या धंद्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात. दोन वर्षांपूर्वी त्या दिवशी दातोबाच्या लॅबमधल्या भांड्यात सहा साचे मावत होते आणि सहा गिऱ्हाइकांचे दवाखान्यात पोचवायचे होते. आईचा सातवा. “तिला उद्या केली तरी चालेल,” असं त्याच्या मनात आलंही होतं. पण उद्याही सहा होतेच, आणि परवाही. मग त्याने आईचा साचा उचलला, लॅबमधल्या चहाच्या पातेल्यात टाकला, शेगडी मोठी केली आणि चाळीस मिनिटांत काम उरकलं.

कवळी बाहेर आली तेव्हा मागच्या दाढांच्या वर, जाड भागात, बर्फासारखं पांढुरकं दिसत होतं. त्याने ते पाहिलं. आतून घासून बसवताना बारीक बारीक भोकं उघडी पडली, तीही पाहिली. गिऱ्हाइकाची असती तर त्याने ती तिथल्या तिथे कचऱ्यात टाकली असती आणि वर हाताखालच्या माणसाला झापलं असतं. तो म्हणाला, “घरचंच तर आहे,” आणि बाहेरच्या बाजूला मस्तपैकी चमक दिली.

आईने आरशात पाहिलं होतं आणि सगळ्या शेजारणींना कवळी दाखवून आली होती. “माझ्या मुलाने केली,” असं सांगत.

तेव्हा दातोबाला माहीत होतं का, की बुरशीचं मूळ त्या भोकांत आहे? नक्की माहीत नव्हतं, पण शंका होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. म्हणून तर तो आईला ओळखीच्या दाताच्या डॉक्टरांकडे न नेता कोपऱ्यावरच्या साध्या डॉक्टरकडे नेत होता, आणि म्हणूनच ‘ती धूत नाही’ हे उत्तर त्याच्या खिशात तयार होतं. खापर फोडायला डोकं हवंच असतं, आणि आईचं डोकं नेहमी हाताशी असतं.

पण आईचं वजन उतरायला लागलं. ब्लाउज खांद्यावरून घसरायला लागले. ताईने भावाशी वाद घातला नाही; तिने सरळ डॉक्टरीणबाईंना फोन लावून वेळ घेतली. डॉक्टरीणबाई म्हणजे दातोबाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. लॅबमधलं निम्मं काम त्यांच्याकडून यायचं. “तुझ्या ओळखीच्याच आहेत ना? मग इतके महिने काय करत होतास?” ताईने विचारलं. दातोबा लॅबची किल्ली शोधायला लागला.

डॉक्टरीणबाई वयाने त्याच्याहून लहान, बोलायला फटकळ, पण म्हाताऱ्या माणसांशी एकदम मऊ. त्यांनी आईला खुर्चीत बसवलं, टाळू पाहिली, कापसाने पुसून नमुना घेतला, मग कवळी हातात घेतली. “वा, आजी! कवळी तर लख्ख ठेवलीय तुम्ही,” त्या म्हणाल्या. आईने भीत भीत मुलाकडे पाहिलं.

कवळी घेऊन त्या खिडकीशी गेल्या आणि त्यांनी दातोबाला बोलावलं. एका वाटीत लाल रंग होता. त्यात कवळी बुडवून त्यांनी नळाखाली धरली. रंग भराभर वाहून गेला. गुलाबी, स्वच्छ कवळी उरली, आणि मागच्या दोन्ही बाजूंना, आतल्या अंगाला, लाल ठिपक्यांचे दोन पुंजके. पुन्हा धुतलं तरी ते हलले नाहीत.

“हे बघा,” त्यांनी भिंग त्याच्या हातात दिलं. “पोकळ आहे मसाला. आणि त्यात हे तारेचे ओरखडे. बुरशीला याहून चांगलं घर कुठलं?”

“पण औषध तर दिलंय, तीनदा,” दातोबा खालच्या आवाजात म्हणाला.

“औषध बरोबरच होतं. ही बुरशी थोडीफार सगळ्यांच्या तोंडात असते. सुटी असते तोवर थेंबांनी मरते. पण खडबडीत जागा मिळाली की चिकटून बसते, एकीवर एक थर चढवते आणि वरून स्वतःच एक चिकट पांघरूण तयार करते. बायोफिल्म म्हणतात त्याला. मोरीच्या जाळीखाली बोट घातलं की बुळबुळीत लागतं ना, तसंच. औषध ओतलं की वरच्या थरातल्या पेशी मरतात. खालच्यांपर्यंत ते धड पोचत नाही, आणि पोचलं तरी तिथल्या काही झोपून असतात, त्यांना लागत नाही. कोर्स संपला की त्या उठतात आणि टाळू पुन्हा लाल. नुसतं औषध वाढवून काय उपयोग? आधी हा थर घासून काढायचा, कवळी जंतुनाशकात बुडवायची, रात्री तोंडाबाहेर ठेवायची, आणि त्याच वेळी औषध द्यायचं. तेव्हा कुठे ते कामाला येतं. पण इथे घासणार काय? या भोकांत ब्रशचा केससुद्धा जात नाही. आजींनी जन्मभर घासलं असतं तरी हे निघालं नसतं. ही कवळी बादच करायला हवी.”

मग त्यांनी कवळी उजेडात धरली आणि त्यांचा आवाज चढला. “कुणी केलीय हो ही? उकळत्या पाण्यात टाकलीय सरळ. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडात हे देताना लाज कशी वाटली नाही?”

दातोबाला वाटलं, धरणी दुभंगावी. सव्वीस वर्षांचं नाव, लॅबमधलं निम्मं काम, आणि ही बाई त्याच्याकडे एका कारागिराने दुसऱ्या कारागिराकडे बघावं तशी बघत होती. रागात भागीदार समजून.

“बाहेरून... करून घेतली होती,” तो म्हणाला.

डॉक्टरीणबाई वळल्या. “आजी, घरात एवढा कारागीर मुलगा असताना बाहेर कुठे गेलात? कुणाकडे?”

आई खुर्चीत बसली होती. बोळक्या तोंडावर रुमाल धरलेला. तिने एकदा मुलाकडे पाहिलं आणि क्षणभरही न अडखळता म्हणाली, “होता एक म्हातारा. वारला बिचारा.”

“आणि मुलगा?”

“त्याला वेळ नव्हता.”

डॉक्टरीणबाई हसल्या. “बरं, आता वेळ काढतील. दातोबा, तुमच्याच हाताने नवी करा. तुमच्या कामाकडे मला बघावंही लागत नाही.”

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते दातोबाला त्या वाक्याने कळलं.

परतीच्या वाटेवर दोघं चालत होते. आई रुमाल तोंडावर धरूनच. दातोबाची खात्री होती, की आईला सगळं समजलंय. तिने त्याला उघडं पडू दिलं नाही. आता घरी जाऊन ती काहीतरी बोलेल, रागावेल, आणि त्याला ते हवंच होतं. आईने दोन थपडा मारल्या असत्या तर तो चाळीस वर्षांनी लहान होऊन मोकळा झाला असता.

औषधाच्या दुकानासमोरच्या बाकावर आई टेकली. दम खाल्ला. मग बोळक्या, फुसफुसत्या आवाजात म्हणाली, “रागावू नको रे.”

“मी कशाला रागावू?”

“तुझं नाव खराब केलं मी. एवढी सुंदर कवळी करून दिलीस, आणि मी ती अशी घाण केली, की तुला चारचौघांत ‘माझी’ म्हणायची सोय राहिली नाही. बाई केवढ्यांदा ओरडल्या. मला धड ऐकू आलं नाही, पण लाज म्हणाल्या ते ऐकलं.” ती थांबली. “मी धुते रे. खरंच धुते. आता कशी राहते घाण ते कळत नाही. डोळ्यांना दिसत नसेल.”

आईचा डावा कान कामातून गेला होता, धुलाईघरातल्या यंत्रांनी. खिडकी तिच्या डाव्या हाताला होती. भोकं, बुडबुडे, उकळतं पाणी, ब्रशचा केस: यातलं काही तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. तिने खोटं सांगितलं ते मुलाची चूक झाकायला नव्हे. तिच्या घाणीचा डाग मुलाच्या कामाला लागू नये म्हणून.

सांगायची वेळ हीच होती. बाक होता, आसपास कुणी नव्हतं, एक वाक्य पुरलं असतं. दातोबा म्हणाला, “जाऊ दे, आई.”

जाऊ दे! क्षमा केल्यासारखं! हे लिहितानाही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. त्याचाही झाला असावा, कारण घर येईपर्यंत त्याने मान वर केली नाही.

पुढचे दिवस त्याने कामात घातले. नवं माप घेतलं. या वेळी मसाला दोनदा मोजून कालवला. भांड्यात त्या दिवशी एकच साचा ठेवला, आईचा, आणि बाकी सगळे दुसऱ्या दिवसावर ढकलले. उकळी न येऊ देता गरम पाण्यात नऊ तास; मधे तो जेवायलाही घरी गेला नाही. कवळी बाहेर आली ती काचेसारखी निर्दोष. तिकडे जुनी कवळी बंद झाल्यावर आणि औषध चालू झाल्यावर आईची टाळूही निवळली, लहान मुलासारखी गुलाबी. डॉक्टरीणबाईंनी नवी कवळी बसवून पाहिली, आईला सफरचंदाची फोड चावायला लावली आणि दातोबाच्या पाठीवर थाप मारली. त्याला ती थाप भाजल्यासारखी लागली.

चौथ्या दिवशी बायको त्याला म्हणाली, “अहो, आई कवळी घालतच नाहीत.”

“म्हणजे?”

“घरी आल्या आल्या काढली, धुतली, पांढऱ्या कापडात गुंडाळून कपाटात ठेवली. मी म्हटलं घाला, तर म्हणतात, ‘पाहुणे आले की घालीन. परत घाण झाली तर?’ नुसती पेज पिऊन राहतायत. काल तीही अर्धी ठेवली. वजन बघितलंत का त्यांचं? अशाने काही खरं नाही.”

दातोबा आईच्या खोलीत गेला. समजावलं, विनवलं, थोडं ओरडलासुद्धा. आई शांतपणे म्हणाली, “एवढी मेहनत करून केलीस. माझ्या तोंडात घालून तिची पुन्हा वाट लावायची? राहू दे तशीच.” मोरीवरच्या आरशाला त्याने चिकटवलेला कागद अजून तिथेच होता, आणि आई कवळी नसतानाही जेवणानंतर रोज मोरीवर जाऊन रिकाम्या हिरड्यांवरून ब्रश फिरवत होती.

हे पाहिलं आणि दातोबाला उमगलं: मसाला चांगला झाला म्हणून भागणार नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, वरून औषध ओतून काही होत नाही. त्याने नवी कवळी वरून ओतली होती. खाली जे बसलं होतं ते तसंच होतं, आणि आई त्यापायी उपाशी राहत होती.

रविवारी त्याने ताईला बोलावून घेतलं. जेवणाआधी चौघं टेबलाशी बसली असताना त्याने खिशातून जुनी कवळी काढली आणि लॅबमधून आणलेली बारीक करवत.

“हे काय आता?” ताई म्हणाली.

“थांब. बघा सगळे.” त्याने कवळी मागच्या दाढेपाशी आडवी कापली.   कापलेला तुकडा त्याने आईच्या चांगल्या कानाच्या बाजूला जाऊन तिच्या हातावर ठेवला आणि भिंग दिलं. “आत बघ, आई. भोकं दिसतायत? ती तू नाही पाडलीस. मी पाडली. सावकाश शिजवायची ती घाईत उकळली. लॅबमधल्या चहाच्या पातेल्यात. बुरशी त्या भोकांत बसली होती. तिथे ब्रश जातच नाही. तू कितीही घासलं असतंस तरी ती निघाली नसती. तू घाण नाहीस. तू कधीच घाण नव्हतीस. मी उगाच...” त्याला रडू आलं, आणि पन्नाशीच्या माणसाला रडू येतं तेव्हा ते फार वाईट दिसतं.

ताई तोंडावर हात घेऊन बसली. बायकोने मान खाली घातली. आई मात्र रडली नाही, आणि तिने त्याला जवळही घेतलं नाही. तिने तुकडा घेतला, उठून खिडकीशी गेली, उजेडात धरला, फिरवला, नखाने टोकरून पाहिला. मुकादम होती ती.

“तेव्हा दिसलं होतं तुला?” तिने विचारलं.

“हो.”

“दिसलं, आणि दिलीस?”

“हो.”

“आणि रोज माझ्यापुढे हात करून ‘दाखव’ म्हणायचास.”

 आपलेच दात, आपलेच ओठ. तक्रार तरी कुणाकडे करणार, असं कुणी म्हणालं असतं. पण आई तशातली नव्हती. ती परत येऊन बसली.

“डॉक्टरबाईंना मी खोटं सांगितलं. एक माणूस विनाकारण मारला. मला वाटलं, माझीच घाण झाकतेय.” तिने फोनकडे बोट दाखवलं. “त्यांना सांग.”

“आई, माझं निम्मं काम त्यांच्याकडून...”

“सांग. मग मी कवळी घालते.”

त्याने फोन लावला. आईला ऐकू यावं म्हणून मोठ्या आवाजावर टाकून टेबलावर ठेवला. डॉक्टरीणबाईंनी उचलल्यावर एका दमात सांगून टाकलं: ती जुनी कवळी मी केली होती, बाहेरच्या कुणी नाही, घाईत उकळली होती, भोकं मला दिसली होती. 

मग डॉक्टरीणबाई थंडपणे म्हणाल्या, “दातोबा, माझे पेशंट तुमच्या भरवशावर आहेत. खरं सांगा. अशा कवळ्या आणखी किती जणांना दिल्यात?”

या प्रश्नावर मात्र दातोबा ताठ झाला. इथे तो खरा होता, आणि सगळा अपमान गिळून त्याच्या कारागिरीचा अभिमान आपोआप वर आला. “एकालाही नाही, डॉक्टर!” तो घाईघाईने म्हणाला. “सव्वीस वर्षांत एकालाही नाही. कुठलीही उघडून बघा. फक्त आईलाच.”

शब्द तोंडातून गेले आणि मग त्याला ते ऐकू आले.

आईलाही आले होते. चांगला कान फोनकडेच होता.  कपाटातून कापडाची पुरचुंडी आणून तिने कवळी काढली, तोंडात बसवली आणि जेवायला वाढायला सांगितलं. दातोबाच्या फोनवर डॉक्टरीणबाई अजून काहीतरी विचारत होत्या, आणि तो आईच्या ताटात वाढत होता.